फिरतें ग्रंथकपाट : पूर्वपीठिका, घडण व रोगण

जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकास एका वेळीं एकच ग्रंथ पुरत नाहीं. पत्रावरील मिति लावावयाची म्हटली म्हणजे जंत्री काढावी लागते. फारसी शब्द अडला म्हणजे कोश. अनोळखी नांव आलें म्हणजे चरित्रकोश किंवा वंशावळ. आणि तेंच पत्र पूर्वीं छापलें गेलें आहे कीं काय हें पाहण्यासाठीं साधनखंडांच्या सूची. हे सर्व ग्रंथ भिंतीकडील कपाटांत असले तर दर पांच मिनिटांनीं बैठक मोडते. मेजावर रचले तर मूळ पत्र उलगडावयास जागा उरत नाहीं. ही अडचण दूर करणारें उपकरण म्हणजे आपल्या आंसाभोंवतीं फिरणारें चौकोनी ग्रंथकपाट. जुन्या वकिलांच्या दिवाणखान्यांतून व वाचनालयांतून असलीं कपाटें अद्यापि दृष्टीस पडतात. परंतु तीं विकावयास निघालीं म्हणजे किंमत भारी पडते, आणि नव्या बनावटीचीं बहुधा दिसावयास चांगलीं व फिरावयास वाईट असतात. म्हणून जुन्या धर्तीचें कपाट हातानें कसें घडवावें, त्यास रोगण कोणतें द्यावें, आणि (संग्राहकाच्या दृष्टीनें हेंच महत्त्वाचें) त्यांत काय ठेवावें व काय ठेवूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

या कपाटाची सारी विद्या एका प्रश्नांत सांठविलेली आहे. भार कोणीं उचलावयाचा आणि दिशा कोणीं राखावयाची? फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूस हीं दोन कामें करणारे दोन आधार लागतात. त्यांची वांटणी कशी केली आहे हें कळलें म्हणजे कपाटाची घडणहि कळते, आणि त्याचा इतिहासहि.

इतिहास चीनमध्यें सुरू होतो. ल्यांग राजवटींतील फू शी (इ. स. ४९७–५६९) नांवाच्या गृहस्थाश्रमी बौद्ध साधकानें सूत्रग्रंथांचें फिरतें भांडार प्रथम निर्माण केलें अशी तिकडील परंपरा असून ती या गोष्टीचें साल ५४४ देते. ज्यांस अक्षरओळख नाहीं किंवा वाचनास सवड नाहीं त्यांनीं हें भांडार एकवार फिरविलें असतां संपूर्ण त्रिपिटक वाचल्याचें पुण्य पदरीं पडावें, हा त्यांतील हेतु. जपानांतील ज्या मंदिरांत अशीं भांडारें आहेत तेथें त्यांच्यापुढें फू शीची व त्याच्या दोन पुत्रांची मूर्ति बसविण्याची चाल आहे. या विषयावर एल. कॅरिंग्टन गुडरिच यांनीं १९४२ मध्यें हार्वर्ड येथील आशियाविषयक नियतकालिकांत जो विस्तृत निबंध लिहिला, तो जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा.

फू शीची कथा परंपरेवर उभी आहे. परंतु ११०३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘यिंगझाओ फाशी’ या सोंग राजवटीच्या वास्तुग्रंथांत आपण भक्कम भूमीवर येतों. त्याचा कर्ता ली च्ये हा सरकारी बांधकामखात्यावरील अधिकारी होता. त्यामुळें त्यानें पुण्याची चर्चा न करितां मापें दिलीं आहेत. भांडार अष्टकोनी असावें, उंची २० ची, व्यास १६ ची. (‘ची’ हें त्या काळचें माप सुमारें ३१ सेंटिमीटरांचें, म्हणजे आपल्या फुटाच्या जवळपास येतें.) मध्यभागीं १८ ची लांबीचा व दीड ची जाडीचा उभा लांकडी आंस, त्याच्या माथ्याशीं लोखंडी कडें आणि पायथ्याशीं लोखंडी उखळी. येथें कामाची वांटणी स्वच्छ दिसते. आंस भांडाराबरोबर फिरतो, सर्व भार खालच्या उखळींत उतरतो, आणि वरचें कडें केवळ आंस कलूं देत नाहीं. हें वरचें कडें धरावयास मंदिराच्या छपराची तुळई आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवावी. हपै प्रांतांत झेंगदिंग येथील लोंगशिंग विहारांत सोंगकालीन भांडार आजहि आहे. सछ्वान प्रांतांतील ज्यांगयू येथील युनयान मंदिरांत ११८१ सालचें दुसरें आहे. हें दुसरें ताओ पंथाचें असल्यानें ही कल्पना बौद्धांपुरती राहिली नव्हती हें उघड होतें.

युरोपांतील फिरत्या कपाटाचें मूळ सांगतांना आगोस्तीनो रामेल्ली या इटालियन यंत्रज्ञाच्या ‘ग्रंथचक्रा’चें नांव हटकून घेतलें जातें. फ्रान्सच्या राजाच्या पदरीं असतांना त्यानें १५८८ मध्यें पॅरिस येथें यंत्रांच्या चित्रांचा जो प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यांत हें चक्र आहे. परंतु चित्र नीट पाहिलें तर तें कपाट नव्हे, हें ध्यानांत येतें. तें पाणचक्कीसारखें आडव्या आंसावर उभें फिरतें. त्यावर ग्रंथ उघडे ठेवावयाचे असून, चक्र फिरलें तरी प्रत्येक पाटाचा कल तोच राहावा म्हणून दांतेरी चाकांची योजना आहे. संधिवातानें जागेवर खिळलेल्या वाचकास तें उपयोगी पडेल असें त्याचें म्हणणें. कल्पना चतुर आहे यांत संशय नाहीं. पण आपल्या कपाटाशीं तिचें नातें केवळ हेतूचें आहे, घडणीचें नाहीं. कित्येक लेखक चित्राच्या मोहानें हीं दोन्हीं एकाच वंशावळींत घालतात, तें आम्हांस मान्य नाहीं.

घडणीचें खरें नातें पुढें लागतें. लंडनचा ग्रंथविक्रेता बेंजामिन क्रॉस्बी यानें १८०८ मध्यें फिरत्या कपाटाचें पेटंट घेतलें. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत कँटन येथील जॉन डॅनर यानें १८७० नंतरच्या दशकांत त्यास आज परिचित असलेलें चौकोनी, पट्ट्यांच्या बाजूंचें रूप देऊन मोठ्या प्रमाणावर तीं विकलीं. तेथून तीं इंग्लंडांत व इंग्रजी अमलाबरोबर हिंदुस्थानांतील कचेऱ्यांत आलीं.

दिवाणखान्यांत उभ्या राहणाऱ्या कपाटास एक गोष्ट नव्यानें सोडवावी लागली. मंदिरांत आंसाचें वरचें टोक धरावयास छप्पर होतें. येथें तें नाहीं. म्हणून आंस फिरता न ठेवतां पायांत घट्ट रोवला, आणि कपाट टोपीसारखें त्याच्या डोक्यावर घातलें. भार आतां वरच्या टोंकावर आला आणि खालच्या कड्याकडे दिशा राखण्याचें काम गेलें. सोंगकालीन वांटणीच्या अगदीं उलट. आपल्याकडील वस्तूंवरून हा भेद चटकन् समजतो. वाड्याचा जुना दरवाजा खालीं दगडी उखळींत टेकतो व वर चौकटींत अडकलेला असतो. तो चिनी भांडाराच्या जातीचा. कुंभाराचें चाक जमिनींत रोंवलेल्या टोंकदार खुंट्यावर आपल्या पोटांतील खळगीनें बसतें. तें डॅनरच्या कपाटाच्या जातीचें. जात्याचा खुंटा मात्र केवळ दिशा राखतो. तेथें भार तळीवर असतो.

आतां घडण. लांकूड सागवानी घ्यावें. गडचिरोली जिल्ह्यांतील आलापल्लीकडील साग प्रसिद्धच आहे. परंतु नवा चिरलेला उत्तम साग घेण्यापेक्षां मोडलेल्या वाड्याच्या तुळया व दारें यांचें लांकूड मिळाल्यास तें अधिक बरें. पन्नास-पाऊणशें पावसाळे खाऊन तें स्थिर झालेलें असतें. त्यांत दडलेला एखादा खिळा रंध्याचें पातें बिघडवितो, म्हणून चिरण्यापूर्वीं लोहचुंबक फिरवून पाहावा. पांढरट भाग टाकून द्यावा. किडीचा शिरकाव प्रथम तेथें होतो. शिसवाचें कपाट देखणें होतें खरें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कोरीव शिसवी सामानाची कीर्ति विलायतेपर्यंत गेली होती. पण फिरणाऱ्या वस्तूस शिसवाचें वजन उगीच भारी पडतें.

मापें अशीं धरावीं. कपाटाची बाजू २० इंच. अष्टपत्री ग्रंथाची रुंदी बहुधा ६ इंचांच्या आसपास असते, म्हणून कप्प्याची खोली ७ इंच. दोन्ही अंगांचे ७-७ इंच वजा जातां मधें ६ इंचांचा चौक उरतो. त्यांतून आंस जावयाचा. आतां या चौकाभोंवतीं चार कप्पे स्वस्तिकाच्या भुजांप्रमाणें मांडावे. प्रत्येक कप्पा १३ इंच लांब व ७ इंच खोल. ताळा पाहावयाचा तर चार कप्पे ३६४ चौरस इंच, चौक ३६, मिळून ४००. म्हणजे २० इंचांचा चौरस बरोबर भरला. या मांडणींतील गंमत अशी कीं, प्रत्येक मजल्यास अवघ्या चारच आंतल्या फळ्या लागतात. १३ इंचांची एक फळी एका कप्प्याची पाठ होते. तिचे ६ इंच चौकास भिडतात आणि उरलेले ७ इंच शेजारच्या कप्प्याची बाजू होतात. कप्प्याची दुसरी बाजू बाहेरच्या दर्शनी अंगास येते. तेथें सबंध फळी न घालतां उभ्या पट्ट्या बसवाव्या. जुन्या कपाटाची ओळख याच पट्ट्यांवरून पटते, आणि त्यांतून वारा खेळल्यानें बुरशीसहि आळा बसतो.

खालच्या मजल्याची उंची साडेअकरा इंच, वरच्याची दहा. पाऊण इंच जाडीच्या तीन आडव्या फळ्या व चार-पांच इंचांचा पाया धरला म्हणजे एकंदर उंची सुमारें २८ इंच होते. खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातास ती सोईची आहे. गादीवर बसून उतरत्या मेजावर लिहिणारे कांहीं अभ्यासक अजून आहेत. त्यांनीं एकच मजला करावा.

फळ्यांची जाडी वजा जातां प्रत्येक कप्प्यांत १२ इंच ग्रंथ राहतात. आठ कप्प्यांत मिळून ८ फूट. सव्वा इंच जाडीचे सुमारें पाऊणशें ग्रंथ झाले. त्यांचें वजन अदमासें ७० किलो, आणि लांकडाचें वीसेक किलो. म्हणजे नव्वद किलोंची वस्तु एका बिंदूवर फिरावयाची आहे. यासाठीं आंस व पाया यांवर वेळ व पैसा खर्च करण्यास कसर करूं नये. इतर सर्व भाग मागाहून सुधारतां येतात, हे येत नाहींत.

पाया म्हणजे अडीच इंच जाडीच्या दोन सागवानी दांड्यांची फुली. दोहोंत निम्मी-निम्मी खाच पाडून त्या एकमेकींत बसवाव्या. दांडे २४ इंच लांब असावे व कपाटाच्या कर्णांच्या दिशेनें यावे, म्हणजे कोपऱ्यांखालीं आधार येतो. एका बाजूचे सर्व ग्रंथ काढले तरी गुरुत्वमध्य दीड-दोन इंचच सरकतो आणि पायाच्या चार टोकांमधील क्षेत्रांतून बाहेर जात नाहीं. आखूड पायाचें कपाट मात्र लहान मुलानें वर भार दिला कीं कलंडतें, आणि नव्वद किलो कलंडणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

आंसासाठीं एक इंच व्यासाचा सरळ लोखंडी दांडा घ्यावा. त्याच्या बुडास पांच इंच रुंदीची जाड लोखंडी तबकडी काटकोनांत सांधून ती फुलीच्या मध्यावर चार बोल्टांनीं आवळावी. स्क्रू वापरूं नयेत. दिवसांतून वीस वेळां हिसके बसल्यावर ते लांकडांत सैल होतात. दांड्याचें वरचें टोंक घुमटासारखें गोल घांसून त्यास पाणी द्यावें. कपाटाच्या वरच्या फळीखालीं, चौकाच्या आंत, इंचभर जाडीची आडवी पट्टी दोन्ही बाजूंच्या फळ्यांत खाचेंत बसवावी आणि तिच्या पोटांत पोलादी वाटी बसवावी. वाटी थेट वरच्या फळीस लावूं नये; वरची फळी ऋतूप्रमाणें हालते, तिच्यावर भार लटकविणें शहाणपणाचें नाहीं. वाटींत अर्ध्या इंचाची पोलादी गोळी व बोटभर वंगण घातलें म्हणजे काम झालें. मधल्या फळीचें भोंक ऐसपैस ठेवावें. खालच्या फळींत मात्र पितळी कडें बसवावें. दांडा व कडें यांमध्यें जाड कागद जाईल एवढीच फट राहावी. दांड्याची लांबी अशी ठरवावी कीं खालची फळी पायापासून दोन सूत अधांतरी राहील. कपाट पायावर घांसत असेल तर दोष लांबींत आहे. तळ तासून तो झांकूं नये.

हल्लीं बाजारांत सपाट तबकड्यांमध्यें गोळ्या घातलेलें तयार चक्र मिळतें. तें खालीं ठेवून वर कपाट बसविलें कीं फिरूं लागतें, म्हणून पुष्कळ सुतार तेंच सुचवितात. एका मजल्याच्या ठेंगण्या कपाटास तें चालेल. दोन मजल्यांच्या कपाटास तें भार पुरवितें, पण दिशा राखीत नाहीं. वरचा भाग डुलूं लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत सांधे बोलूं लागतात. शिवाय तें फार मोकळें फिरतें. चांगलें कपाट हात काढतांच थांबलें पाहिजे. आंस ओळंब्यांत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ग्रंथ एकाच बाजूस भरून कपाट हलकेच फिरवावें. दर वेळीं जड बाजू एकाच दिशेस येऊन थांबत असेल तर त्या दिशेस आंस किंवा जमीन कललेली आहे.

सांध्यांविषयीं थोडक्यांत. उभ्या फळ्या आडव्या फळ्यांत दोन सूत खोल खाचा पाडून बसवाव्या. पट्ट्यांस दोन्ही टोंकांस कुसूं काढावें. वरची फळी २० इंच रुंद असल्यानें उन्हाळा व पावसाळा यांमध्यें तिची रुंदी सूत-दीड सूत बदलते. तिला सर्व बाजूंनीं सरसानें जखडल्यास ती तडकणार. मध्यभागीं पक्की करून कडांस लंबगोल भोंकांतून स्क्रू द्यावे, म्हणजे तिला सरकावयास वाव राहतो. चिकटविण्यास जनावराच्या कातड्याचा जुना सरसच वापरावा असें आमचें मत आहे. दमट हवेंत तो ढिला पडतो हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच प्रत्येक कुसवांतून लांकडी खुंटी ठोकावी. परंतु त्याचा मोठा गुण असा कीं, ऊन पाण्यानें तो सुटतो. शंभर वर्षांनीं एखादी पट्टी बदलावयाची झाली तर पुढील कारागिरास कपाट फोडावें लागत नाहीं. जीर्ण पोथीस गव्हाच्या खळीनें कागद लावणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको; रासायनिक डिंकानें चिकटविलेलीं पानें सोडवितांना काय यातना होतात हें त्यानें अनुभविलेलें असतें.

रोगणासाठीं काल निवडणें हें अर्धें काम आहे. लाखेचें पॉलिश दमट हवेंत पांढरें पडतें. म्हणून तें दिवाळी व होळी यांच्या दरम्यानच करावें. या पॉलिशास ‘फ्रेंच’ हें नांव पडलें असलें तरी त्यांतील लाख आपल्याकडील कुसुंब, पळस व बोर या झाडांवरील किड्यांपासून होते. एक लिटर स्पिरिटांत पाव किलो चपडा लाख रात्रभर भिजत घालावी व फडक्यांतून गाळून घ्यावी. चपडा ताजा असावा. जुना झालेला नीट विरघळत नाहीं आणि विरघळलाच तर वाळत नाहीं.

लांकूड प्रथम रंधून, पोलादी पत्र्याच्या धारेनें खरवडून, मग काचकागदानें रेषांच्या दिशेनेंच घांसावें. सागवानांत अंगचें तेल असतें. तें राहिल्यास पॉलिश धरत नाहीं, म्हणून शेवटीं स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसून घ्यावें. रेषांतील छिद्रें भरण्यास खडूची पूड व किंचित् काव पातळ लाखेंत कालवून चोळावी. त्यानंतर कापसावर जुन्या मऊ धोतराचें फडकें गुंडाळून पोटळी करावी, तिच्या आंतील कापसास लाख पाजावी, बाहेरून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावावा, आणि प्रथम वर्तुळें, मग इंग्रजी आठाचे आंकडे, शेवटीं सरळ हात, या क्रमानें फिरवावी. पोटळी पृष्ठावर कधींहि थांबूं देऊं नये. थांबली कीं खालचा थर उचलला जातो. एका दिवशीं एकच बैठक. अशा सहा-आठ बैठका. अखेरीस नुसत्या स्पिरिटानें तेल काढून घ्यावें. आरशासारखी चकाकी येईपर्यंत हा उद्योग चालवावा असें पुस्तकांतून सांगतात. अभ्यासिकेंत दिव्याचा उजेड डोळ्यांवर परतविणारें कपाट काय कामाचें? मंद झांक आली कीं थांबावें व बाहेरून मेणाचा हात द्यावा. कप्प्यांच्या आंत लाखेचा एकच पातळ हात पुरे. मेण तेथें अजिबात नको, तें ग्रंथांच्या बांधणीस लागतें.

दोन सूचना येथें केल्याच पाहिजेत. पहिली : जवसाच्या तेलानें भिजलेलीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हवेशीं संयोग होऊन तेल घट्ट होतांना उष्णता उत्पन्न होते, ती बोळ्यांत कोंडते आणि फडकें आपोआप पेट घेतें. ज्या घरांत दोनशें वर्षांचीं दप्तरें आहेत तेथें ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. तीं पाण्यांत बुडवून किंवा पसरून वाळवूनच टाकावीं. दुसरी : रोगण हातास कोरडें लागलें म्हणून ग्रंथ भरूं नयेत. कपाट निदान सहा आठवडे उघड्या हवेंत ठेवावें, आणि नाक कप्प्यांत घातलें असतां वास येईनासा झाला म्हणजे मगच वापरावें.

कपाट जुनें दिसावें म्हणून लांकूड काळें करण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्याची एक कृति अशी : लांकडास हिरड्याचा काढा चोळावयाचा आणि त्यावर हिराकशीचें पाणी फिरवावयाचें, क्षणांत काळसर रंग येतो. हस्तलिखितांच्या संग्राहकानें येथें सावध व्हावें. ही तर शाईचीच कृति झाली! काजळाची शाई शेंकडों वर्षें कागदास इजा करीत नाहीं, पण हिराकशीच्या शाईनें अक्षरांच्या जागीं कागद जळून जाळी पडलेलीं पत्रें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. तोच विकार कप्प्याच्या फळीवर पसरून तिच्यावर ग्रंथ टेकविणें म्हणजे जाणून बुजून संकट ओढवणें होय. सागवान उजेडानें आपोआप गडद होतो; दहा वर्षें थांबण्याची तयारी ठेवावी.

आतां, यांत पोथ्या व रुमाल ठेवावे काय, हा प्रश्न संग्राहकांकडून येतो. आमचें उत्तर : ठेवूं नयेत. पोथीचीं पानें सुटीं असतात. दोन फळ्यांमध्यें, कापडांत बांधून, आडवी निजलेली पोथीच सुरक्षित. सात इंचांच्या कप्प्यांत ती आडवी मावत नाहीं, आणि उभी केली कीं आपल्याच भारानें पानें खालीं घसरून त्यांच्या कडा दुमडतात. हें कपाट चारी अंगांनीं उघडें. धूळ व ऊन सर्व बाजूंस पाळीपाळीनें लागतें. तिसरी गोष्ट गणिताची आहे. दोन सेकंदांत एक फेरा या गतीनें कपाट फिरविलें तर बाहेरच्या कडेवरील वस्तूस बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतका असतो. घट्ट बसविलेल्या छापील ग्रंथांस याचें कांहीं वाटत नाहीं. पण गुळगुळीत फळीवरील रुमाल दर फेऱ्यास थोडा थोडा सरकतो, आणि एके दिवशीं खालीं येतो. चिनी भांडारांत धर्मग्रंथच असत हें खरें. परंतु तें प्रचंड यंत्र हळूहळू ढकलीत नेलें जाई, आणि तें फिरविण्याचें प्रयोजन वाचन नव्हतें.

यांत ठेवावे ते आठवड्यांतून एकदां तरी उघडावे लागणारे छापील संदर्भग्रंथ. मोडकांची जंत्री किंवा स्वामीकन्नू पिल्ले यांचे पंचांगखंड, राजवाड्यांच्या २२ खंडांपैकीं ज्या काळाचें काम चालू असेल ते, सरदेसायांनीं १९३० पासून संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपैकीं तसेच निवडक. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड भिंतीकडेच राहूं द्यावे. एकटा तोच सगळी जागा अडवील. मोल्स्वर्थच्या कोशाची १८५७ ची जाडजूड प्रत कप्प्यांत कोंबूं नये. ती माथ्यावर, बारीक कठडा लावलेल्या उतरत्या पाटावर ठेवावी. समोरासमोरील कप्प्यांत वजन सारखें राहील अशी मांडणी करावी व ग्रंथ काढल्यावर त्याच कप्प्यांत परत घालावा. तसें न केल्यास पितळी कडें एकाच बाजूनें झिजतें.

जुनीं म्हणून विकलीं जाणारीं कपाटें पारखतांनाहि आंसापासूनच आरंभ करावा. खऱ्या जुन्या कपाटाच्या तळाशीं, कड्याभोंवतीं, वर्षानुवर्षांच्या घांसणीची गोल खूण असते. जेथें बोटें लावून कपाट फिरवितात तेथील पट्ट्यांच्या कडा, आणि त्याहि बहुधा वरच्या मजल्याच्याच, गुळगुळीत झालेल्या असतात. चारी कोपरे सारखेच झिजलेले दिसले तर ती झीज कानशीची समजावी. चौकाच्या आंत हात घालून पाहावा. रोगण न लागलेलें लांकूड तेथें धुळीखालीं आपोआप गडद झालेलें असतें. बनावट करणारा दिसणारा भाग रंगवितो. आंतला रंगवावयाचें बहुधा राहून जातें, किंवा तो इतका काळजीपूर्वक रंगवितो कीं त्यावरूनच पकडला जातो.

आपण नवें कपाट जुन्या धर्तीवर घडविलें तर पुढील पिढींतील संशोधकास या पारखीचा त्रास पडूं नये. पोथीचा लेखक शेवटच्या पानावर शक, तिथि, स्थळ व आपलें नांव लिहून ठेवतो, आणि त्या दोन ओळींच्या जोरावर आपण सबंध संग्रहाचा काल लावतों. तशीच पुष्पिका कपाटासहि असावी : घडविल्याचें साल, गांव, कारागिराचें नांव, लांकूड कोणत्या इमारतीचें, सरस व रोगण कोणतें. ती कागदावर लिहून चिकटवूं नये. पटाशीनें लांकडांत कोरावी. जागा खालच्या फळीच्या तळाशीं, पितळी कड्यापासून चार बोटें दूर असावी. तेथें घांसणीची खूण पोंचत नाहीं, आणि दुरुस्तीसाठीं कपाट आंसावरून उचलून आडवें केलें कीं तीच प्रथम दृष्टीस पडते.